नवजात बाळाच्या पोटाचा साधा एक्स-रे : हवा कुठपर्यंत पोचली?

उभी_रेघ (धागाकर्ता)

परवा रात्री अडीच वाजता एका ज्युनिअरने मोबाइलवर फिल्म पाठवली. खाली एकच ओळ : "सर, गॅस पॅटर्न नॉर्मल वाटतोय, सकाळी बघू का?" फिल्म उघडायच्या आधीच मी विचारलं, उलटीचा रंग काय? "हिरवा." मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ बसल्याची शक्यता.

त्या बाळाचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. धागा काढायचं कारण असं की, नवजात बाळाच्या पोटाची साधी फिल्म कशी वाचायची हे आपण तुकड्यातुकड्यांत शिकतो. डबल बबल पाठ असतो, सोप बबल पाठ असतो, पण ती चित्रं तशी का दिसतात हे कुणी बसवून सांगत नाही. मी लहान मुलांची ऑपरेशनं करतो, रेडिओलॉजिस्ट नाही. त्यामुळे चुकलं तर बिनधास्त कान धरा.

जन्माच्या क्षणी बाळाच्या आतड्यात हवा अजिबात नसते. पहिल्या रडण्याबरोबर ते हवा गिळायला लागतं. काही मिनिटांत ती जठरात असते, साधारण ३-४ तासांत लहान आतडं ओलांडते आणि ८-९ तासांपासून २४ तासांच्या आत गुदाशयापर्यंत येते. म्हणजे कुणीही न पाजता आपल्याला फुकटचा कॉन्ट्रास्ट (फिल्मवर आतडं उठून दिसावं म्हणून देतात तो पदार्थ) मिळालेला असतो. म्हणून फिल्म हातात घेतली की माझे प्रश्न दोनच. बाळ किती तासांचं आहे? आणि हवा कुठे येऊन थांबली आहे? वय माहीत नसेल तर मी फिल्मवर मत देत नाही. लोक वैतागतात, पण नाही म्हणजे नाही.

जठराचा एकच मोठा फुगा आणि पुढे सगळं करडं (हवा काळी दिसते, करडं म्हणजे हवा नाही), हे पायलोरसच्या, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडाच्या, अट्रेसियाचं चित्र. अट्रेसिया म्हणजे जन्मतःच वाट बंद. फार दुर्मीळ, त्यात अंगावर फोड असतील तर एपिडर्मोलिसिस बुलोसाची (कातडीला फोड येण्याचा जन्मजात आजार) आठवण ठेवायची. पुढे जाऊ.

डावीकडे वर मोठा फुगा, मणक्याच्या उजवीकडे धाकटा फुगा आणि त्यापलीकडे हवेचा टिपूसही नाही, हा डबल बबल. म्हणजे ड्युओडिनल अट्रेसिया; ड्युओडिनम हा जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग. इथे काही पाजून बघायची गरज नाही. पाजलेलं उलटून फुफ्फुसात जायचा धोका मात्र वाढतो. यातल्या सुमारे एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो, तेव्हा भूल देण्याआधी हृदयाचा इको करून घ्यायचाच.

माझी झोप उडवतं ते वेगळं चित्र. दोन फुगे आहेत, पण खाली इकडेतिकडे थोडी हवाही आहे. याचा अर्थ वाट पूर्ण बंद नाही. आत पडदा असेल, अरुंद जागा असेल, अॅन्युलर पॅन्क्रियाज (ड्युओडिनमभोवती स्वादुपिंडाचं कडं) असेल, किंवा आतड्याला पीळ बसलेला असेल. दुसरा फुगा किती मोठा आणि किती गोल आहे ते इथे नीट बघा. अट्रेसियात ड्युओडिनम बाळ गर्भात असल्यापासून कित्येक आठवडे फुगत आलेला असतो, तो गरगरीत गोल दिसतो. पीळ काल किंवा आज बसलेला असेल तर ड्युओडिनमला फुगायला वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे फुगा लहान आहे म्हणून दुखणंही लहान, असा हिशेब करू नका. इथे तो बरोबर उलटा असतो.

तीन फुगे असतील तर अडथळा जेजुनमच्या (लहान आतड्याचा मधला भाग; शेवटचा तो इलियम) सुरुवातीला. जेजुनम आणि इलियमचे अट्रेसिया बहुतेक वेळा गर्भात असताना आतड्याच्या त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे होतात. हे १९५५ साली लॉव आणि बर्नार्ड यांनी कुत्र्यांच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवलं. यातले बर्नार्ड म्हणजे तेच, ज्यांनी पुढे १९६७ मध्ये माणसातलं पहिलं हृदयरोपण केलं. हृदयाआधी त्यांनी आतड्यांत हात घातला होता, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आणि पोटभर फुगलेल्या वेटोळ्याच वेटोळ्या दिसल्या तर अडथळा खाली आहे, एवढंच म्हणा आणि थांबा. मोठ्यांच्या फिल्मवर आपण लहान आतडं आणि मोठं आतडं वेगळं ओळखतो. नवजात बाळात ते जमत नाही, मोठ्या आतड्याच्या खाचा अजून नीट उमटलेल्याच नसतात. "डायलेटेड कोलन" असं छातीठोक लिहिलेले रिपोर्ट मी ऑपरेशन टेबलावर खोटे ठरताना बघितलेत. (माझी स्वतःची मतंही.) अशा बाळाला पुढची तपासणी खालून, कॉन्ट्रास्ट एनिमा.

---

रात्रपाळी

सर, उत्तम धागा, वाचनखूण साठवली. शंका अशी की आमच्याकडे बाळ रेफर होऊन येतं तेव्हा आधीच राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) टाकून पोट रिकामं केलेलं असतं. फिल्मवर काहीच दिसत नाही, ना एक फुगा ना दोन. मग कसं वाचायचं?

---

उभी_रेघ

@रात्रपाळी, वाचायचंच नाही, पुन्हा काढायची. ट्यूबमधून आधी जठरातलं पाणी ओढून घे आणि मग सिरिंजने हवा सोड. पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण ३०-४० मिलि, कमी दिवसांच्या बाळात वजनाच्या बेताने कमी. लगेच फिल्म. दोन फुगे असतील तर डोळ्यांसमोर उभे राहतात. फिल्म झाली की हवा काढून घे.

मात्र हवाच नसलेलं पोट म्हणजे दर वेळी रिकामं केलेलं पोट नव्हे. व्हेंटिलेटरवरचं, गुंगीत असलेलं बाळ हवा गिळतच नाही. अन्ननलिका वर बंद असेल आणि खाली श्वासनलिकेशी जोडच नसेल तर हवेला पोटात उतरायला रस्ताच नाही. तिथे ट्यूब वरच्या पिशवीत गुंडाळलेली दिसेल. म्हणून छाती आणि पोट एकाच फिल्मवर घ्यायला सांगतो. आणि पिळामुळे निपचित पडलेल्या बाळाचं पोटही असंच करडं दिसू शकतं. सगळ्यात वाईट करडं ते.

---

डार्करूम

मी टेक्निशियन, बत्तीस वर्षं झाली. डॉक्टर मंडळी फिल्म वाचण्यावर धागे काढतात, काढण्यावर कुणी बोलत नाही, म्हणून हा आगाऊपणा.

पोटाच्या फोटोत डायफ्रामपासून जांघेपर्यंत सगळं आलं पाहिजे, जांघेसकट. हर्निया तिथेच असतो. ईसीजीच्या वायरी बाजूला करा, डायपर सोडा. इन्क्युबेटरच्या झाकणाला गोल भोक असतं, त्याची सावली पोटावर पडली की फिल्मवर अगदी गोल काळी गाठ दिसते. एका नवीन डॉक्टरांनी त्यावर "सिस्ट" लिहिलं होतं. मी काही बोललो नाही, बाळ दोन बोटं सरकवलं आणि दुसरा फोटो काढून दिला.

आडव्या किरणांचा फोटो मागताना नुसतं "लॅटरल" लिहू नका. फुटलेल्या आतड्याची शंका असेल तर डावी कूस खाली, उजवी वर, आणि फोटो समोरून. बाळाला त्या कुशीवर निदान ५ ते १० मिनिटं राहू द्या. सुटी हवा हळूहळू वर चढते. कुशीवर वळवलं आणि लगेच बटण दाबलं तर ती अजून वाटेतच असते.

डावीच कूस का, हे मी कितीतरी वर्षं विचारलंच नव्हतं.

---

करडी_छटा

@डार्करूम, डावी कूस खाली कारण मग वर यकृत येतं. यकृत पांढरं, एकसारखं. त्याच्या आणि पोटाच्या भिंतीच्या मध्ये काळी पट्टी दिसली की ती सुटी हवाच. उजवी कूस खाली ठेवली तर जठराचा फुगा वर येतो आणि मग ही हवा आतली की बाहेरची यावर वाद घालत बसा.

मी रेडिओलॉजिस्ट. @उभी_रेघ, कान धरायची संधी फार दिलेली नाहीत, पण तीन गोष्टी राहिल्या.

एक. मेकोनियम इलियस, म्हणजे मेकोनियमने (बाळाची पहिली काळी शी) आतडं तुंबणं. त्यात मेकोनियम इतकं चिकट असतं की हवा त्यात बारीक बुडबुड्यांसारखी अडकते. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला साबणाच्या फेसासारखं दिसतं. वेटोळ्या कमीजास्त फुगलेल्या असतात, पण हवा आणि पाण्याच्या आडव्या पातळ्या कमी दिसतात किंवा दिसतच नाहीत, कारण पातळी धरायला आत पातळ पदार्थच नसतो. मागे बहुधा सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा आनुवंशिक आजार). तरी फेस दिसला म्हणून निदान झालं असं नाही; इलियल अट्रेसिया आणि हिर्शस्प्रुंगमध्येही (शेवटच्या आतड्यात मज्जापेशीच नसण्याचा आजार) तो दिसतो.

दोन. पांढरे कण. पोटात किंवा यकृताच्या कडेला कॅल्शियमचे ठिपके म्हणजे आतडं जन्माआधीच फुटलं होतं आणि बाहेर आलेल्या मेकोनियमवर कॅल्शियम जमलं. मुलगा असेल तर अंडकोषाच्या पिशवीतही बघा. पोट आणि ती पिशवी यांच्यातली वाट गर्भात उघडी असते, मेकोनियम तिथेही उतरतं. मी एकदा पोटातलं एकही कॅल्सिफिकेशन न दिसता नुसतं पिशवीतलं पाहून निदान केलंय. तो दिवस मला पुरला!

तीन. मोठी सुटी हवा असेल तर झोपवून काढलेल्या फिल्मवरही कळते. आतड्याची भिंत आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून रेघ ओढल्यासारखी दिसते, किंवा अख्ख्या पोटावर लंबगोल काळसर डाग दिसतो आणि त्यात फाल्सिफॉर्म लिगामेंटची (यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा पडदा) उभी रेघ. (धागाकर्त्यांचं सदस्यनाम यावरूनच ना?)

---

उभी_रेघ

@करडी_छटा, पकडलंत.

---

शंकासुर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण एक बाळबोध प्रश्न. या जमान्यात सावल्या बघून अंदाज बांधायचे? सरळ सीटी करा आणि मोकळे व्हा.

---

करडी_छटा

प्रश्न बाळबोध नाही. सीटीसाठी बाळाला उबेतून काढून दुसरीकडे न्यायचं, भरपूर किरणं द्यायची, आणि बाळाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसल्यामुळे आतड्यांच्या कडा सीटीवर एकमेकांत मिसळून जातात. इतकं करून हाती फारसं नवीन लागत नाही. साधी फिल्म इन्क्युबेटरशेजारी दोन मिनिटांत होते. उलट सोनोग्राफीचं महत्त्व मात्र मान्य. पीळ असेल तर सुपिरियर मेसेंटेरिक शीर आणि आतडं त्याच नावाच्या धमनीभोवती भोवऱ्यासारखं फिरलेलं दिसतं. दिसलं तर पुढे थांबायचं कारण नाही. पण ते बघायला सरावलेला हात लागतो, आणि आतड्यात हवा जास्त असेल तर तोही हात टेकतो.

शंका उरली तर वरून कॉन्ट्रास्ट पाजून ड्युओडिनमचं शेवटचं वळण कुठे आहे ते बघायचं. ते मणक्याच्या डावीकडे आणि ड्युओडिनल बल्बच्या (ड्युओडिनमची सुरुवात) उंचीला हवं. खाली किंवा उजवीकडे असेल तर मॅलरोटेशन, म्हणजे गर्भात आतडं नीट फिरून जागेवर बसलेलं नाही. कॉर्कस्क्रूसारखं फिरत उतरत असेल तर पीळ.

---

मनातलं

वाचते नेहमी, लिहिते पहिल्यांदा. माझ्या मुलीला ड्युओडिनल अट्रेसिया होता. सातव्या महिन्यानंतर माझं पोट खूप वाढलं होतं, पाणी जास्त आहे म्हणाले. जन्मल्यावर तिला काळी शी झाली आणि सगळे म्हणाले, शी झाली म्हणजे मार्ग मोकळा आहे. उलट्यांना "घशातलं पाणी गेलंय" म्हणत दीड दिवस गेला. नाव घेत नाही कुणाचं. ती आता शाळेत जाते, पोटावर आडवा व्रण आहे, तो ती मैत्रिणींना कौतुकाने दाखवते. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिलाच. वाट पूर्ण बंद होती तर शी झाली कशी?

---

उभी_रेघ

@मनातलं ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. शी वरून वाहत येते असं आपण समजतो. पण मेकोनियम गर्भात महिनोन् महिने साठत असतं आणि त्यात आतड्याचा स्वतःचा स्राव, गळालेल्या पेशी असं बरंच काही असतं. अडथळ्याच्या खालचं आतडं जिवंत असतं, ते आपलं काम करत राहतं. इलियमसारख्या खालच्या अट्रेसियात तर कधीकधी अपघात उशिरा होतो, तोवर बरंचसं मेकोनियम पुढे निघून गेलेलं असतं. पीळ बसलेल्या बाळाला तर आधी अगदी व्यवस्थित शी झालेली असते. शी झाली म्हणून अडथळा नाही, हे वाक्य आमच्यातले लोकही म्हणतात आणि ते चूक आहे.

उलट बाजू खरी आहे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी ९० टक्क्यांहून जास्त बाळं पहिल्या २४ तासांत शी करतात. ४८ तास उलटूनही नाही झाली आणि पोट फुगतंय तर हिर्शस्प्रुंग मनात धरायचा. (डॅनिश डॉक्टर, १८८६ साली त्यांनी या आजाराची दोन बाळं मांडली.)

तुमच्या पोटातलं जास्तीचं पाणी हीसुद्धा खूण होती. बाळ गर्भजल गिळतं आणि ते आतड्यातून शोषलं जातं. अडथळा वरचा असेल तर ते शोषलं जात नाही, बाहेर साचतं.

---

पांढरी_टोपी

एनआयसीयूत (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सिस्टर आहे. डॉक्टर फोनवर विचारतात "उलटी कशी?" आणि आम्ही म्हणतो "पिवळसर हिरवी". इथेच घोळ होतो. म्हणून मी उलटीचा गॉज फेकत नाही, पांढऱ्या कागदावर ठेवते आणि राउंडला दाखवते. ट्यूबलाइटखाली एक रंग दिसतो, खिडकीशी दुसरा. पोपटी किंवा त्याहून गडद असेल तर मी डॉक्टरांची वाट न बघता दूध बंद करते, ट्यूब टाकून खाली मोकळी सोडते आणि मग फोन करते. अजून कुणी ओरडलं नाही. जन्मल्यावर पहिल्यांदा ट्यूब टाकली आणि २०-२५ मिलिपेक्षा जास्त निघालं तर तेही लगेच सांगते.

आणि कृपा करून फोटोच्या आधी गुदद्वारात थर्मामीटर, बोट, एनिमा काही घालू नका. नंतर गुदाशयात हवा दिसते आणि सगळे खूश होतात. ती हवा वरून आलेली नसते.

---

रात्रपाळी

सिस्टर, दंडवत. ही शेवटची चूक मी गेल्याच महिन्यात केली.

अवांतर : गुदद्वारच नसलेल्या बाळाला उलटं धरून फोटो काढायची पद्धत अजून कुणी वापरतं का?

---

डार्करूम

मी काढलेत. पाय धरून बाळ उलटं, ते किंचाळतंय, निळं पडतंय आणि आम्ही घामाघूम. आता कुणी मागितलं तर मीच नाही म्हणतो.

---

उभी_रेघ

इन्व्हर्टोग्राम. वांगेनस्टीन आणि राइस यांनी १९३० मध्ये सांगितलेली पद्धत. १९८३ मध्ये नरसिंहराव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळ पालथं घालून, ढुंगण वर करून, आडव्या किरणांनी फोटो काढला तरी तेवढंच कळतं. आता तोच काढतात. पण घाई करायची नाही; हवा आतड्याच्या बंद टोकापर्यंत पोचायला २४ तासांच्या आसपास लागतात. आठव्या तासाला काढलात तर टोक आहे त्यापेक्षा वर दिसेल आणि अडथळा उंचावर आहे असं उगीच वाटेल. पुन्हा तेच, तास मोजा.

---

शंकासुर

ते सगळं ठीक. अडीच वाजताच्या त्या बाळाचं काय झालं?

---

उभी_रेघ

सांगतो. फिल्म खरंच जवळपास नॉर्मल होती. जठर थोडं मोठं, खाली हवा तुरळक पण आहे. मी स्वतः एरवी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं. बाळ ४ दिवसांचं, आधी व्यवस्थित दूध पिणारं. पोट मऊ, अजिबात फुगलेलं नाही. फुगणार कुठून, अडथळा इतक्या वर की उलटीवाटे सगळं रिकामं होतं. कॉन्ट्रास्ट दिला तर तो मणक्याच्या उजवीकडेच गिरक्या घेत उतरला. पाच वाजता पोट उघडलं. आतडं जांभळट, घड्याळाच्या दिशेने पावणेदोन वेढे. उलटं फिरवून सोडवलं, गरम ओल्या कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवलं. रंग परत आला. एक इंचही काढावं लागलं नाही.

रेसिडेंट असताना अशाच एका फिल्मवर मी स्वतः "नॉर्मल" लिहून सकाळपर्यंत थांबलो होतो. त्या बाळाचं आतडं परत गुलाबी झालं नाही. ज्युनिअरला मी रागावलो नाही त्याचं कारण ते.

---

करडी_छटा

म्हणूनच माझ्या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ असते : "उलटी हिरवी असल्यास ही फिल्म पिळाची शक्यता नाकारत नाही." लोक म्हणतात स्वतःला वाचवायला लिहिता. म्हणू देत.

बरं, धागा पुढे सरकवायला एक फिल्म शब्दांत देतो. बाळ ५ तासांचं. जठरात हवा, लहान आतड्याच्या मऊ, बहुकोनी वेटोळ्या पोटभर, कुठलीही फार फुगलेली नाही. गुदाशयात हवा नाही. आमच्या एका मित्राने "डिस्टल ऑब्स्ट्रक्शन" म्हणून पाठवली. @रात्रपाळी, बोला.

---

रात्रपाळी

५ तास म्हणजे हवा गुदाशयात पोचायची वेळच झालेली नाही. वेटोळ्या फुगलेल्याही नाहीत. उलटी? पोट?

---

करडी_छटा

उलटी नाही. पोट मऊ. फोटो मुळात श्वास जोरात चालला होता म्हणून काढलेला, पोट त्यात फुकट आलं. श्वास तासाभरात शांत झाला.

---

रात्रपाळी

मग दुसरी फिल्म पण नको. दूध पाजा आणि बघत राहा.

---

करडी_छटा

पाजलं. ११व्या तासाला शी केली, तीही टेक्निशियनच्या हातावर.

---

डार्करूम

तो मीच.